एका चित्राची नक्कल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"तैलचित्र कसे शिकलात ते पंधरा-वीस मिनिटांत सांगा," असा हुकूम चिटणीसबाईंनी सोडला, तेव्हा माझ्या छातीत धडधडलेच. लोणच्याच्या खाराविषयी बोलायला सांगितले असते तर मी तासभर बोलले असते. पण चित्रकलेवर बोलायचे म्हणजे मोठी पदवी हवी, चार इंग्रजी पुस्तके वाचलेली हवीत, असे आपल्याला वाटते. माझी शाळा सातवीपर्यंत झाली. तेव्हा मी व्याख्यान देणार नाही. हाताने जे केले आणि डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच सांगणार आहे.

आमच्या बाहेरच्या खोलीत एक तैलचित्र लावले आहे. डोक्याला निळा फडका बांधलेली एक मुलगी मान वळवून आपल्याकडे पाहते आहे आणि तिच्या कानात टपोऱ्या मोत्याचा डूल आहे. ते मी काढले, पण मूळ चित्र माझे नव्हे. घरी येणारी दहातली सहा माणसे आधी कौतुक करतात आणि मग हळूच विचारतात, "पण ही नक्कलच ना? मग यात तुमचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला मिळाले आहे असे वाटते, आणि ते सांगण्यासाठीच मी उभी राहिले आहे.

रांगोळी आणि भरतकाम मी लहानपणापासून करीत आले. माणसाचा चेहरा मात्र कधी जमेल असे वाटले नव्हते. आमच्या आळीत एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. आम्ही सारे त्यांना गुरुजीच म्हणतो. मी त्यांना म्हटले, "गुरुजी, मला माणसाची तसबीर रंगवायला शिकवा." ते म्हणाले, "वहिनी, मी शिकवीन, पण माझ्याहून चांगला गुरू तुम्हाला देतो. एक उत्तम चित्र घ्या आणि ते जसंच्या तसं उतरवा. मी फक्त शेजारी बसेन." त्यांनी जुन्या कपाटातून एक मोठे छापील चित्र काढून दिले. तीच ही डूलवाली मुलगी.

हे चित्र हॉलंडातील योहानेस व्हर्मीर या चित्रकाराने १६६५ सालच्या सुमारास काढले. तो डेल्फ्ट गावचा, जन्म १६३२ चा. म्हणजे तिकडे हे चित्र झाले तेव्हा इकडे शिवाजीमहाराज पुरंदरच्या तहाच्या संकटात होते. असा मेळ घातला की परदेशाचे साल मला लवकर कळते. मूळ चित्र फार मोठे नाही. सुमारे साडेसतरा इंच उंच आणि साडेपंधरा इंच रुंद. हल्ली ते हेग शहराच्या मॉरित्सहाउस नावाच्या संग्रहालयात आहे.

हा चित्रकार १६७५ साली वारला. मागे पत्नी कॅथरिना, अकरा मुले आणि कर्ज. पावाच्या भट्टीवाल्याचीच उधारी ६१७ गिल्डर, म्हणजे त्यांच्याकडच्या नाण्यांत, इतकी थकली होती, की त्याच्याकडे दोन चित्रे ठेवावी लागली. वाण्याची वही ज्या बाईने सांभाळली आहे तिला कॅथरिनाचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. आणि आपली ही डूलवाली मुलगी? १८८१ साली ती लिलावात अवघ्या दोन गिल्डर तीस सेंटला विकली गेली. घेणाऱ्याने पुढे मृत्युपत्राने ती संग्रहालयाला दिली. आज तिला पाहायला साऱ्या जगातून माणसे जातात. एका वस्तूचे मोल डोळ्यांना दिसायला कधी कधी दोनशे वर्षे लागतात!

आता सामानाविषयी. तैलरंगातले तेल म्हणजे आपले जवसाचे तेल. ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याच बियांचे, पण चित्रकलेच्या दुकानात मिळणारे शुद्ध केलेले तेल घ्यावे. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते, म्हणून एकेक थर वाळायला दिवस लागतात. गडबडीच्या बाईला हा रंग धडा शिकवतो. आणि संसारी बाईला तो सोयीचाही आहे, कारण मध्येच दूधवाला आला किंवा कुकरची शिट्टी झाली तरी रंग वाट पाहत बसतो.

भिशी लागली होती, त्या पैशांतून मी थोडेच रंग घेतले. पांढरा, काळा, निळा, एक लाल आणि तीन मातीचे रंग. त्या मातीच्या रंगांची परदेशी नावे ऐकून मी आधी बिचकले. गुरुजींनी नळी उघडून बोटावर लावून दाखवली, तर एक होती आपली पिवडी आणि दुसरी काव! घराच्या भिंतींना आणि चुलीला आपल्या आज्या जे लावीत आल्या त्याच जातीच्या मातीने जगातले मोठमोठे चेहरे रंगले आहेत. तिसरा, अंबर नावाचा तपकिरी रंग, तोही मातीच.

छापील चित्रावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, तेवढ्याच चौकटी कॅनव्हासवर आखल्या आणि एकेक चौकट उतरवली. हे काम आपल्याला नवे नाही. दुसुतीवर टाके मोजून नमुना उतरवतो तसेच. ते झाल्यावर मला वाटले, आता गालाचा गुलाबी रंग भरायचा. गुरुजी म्हणाले, "रंग इतक्यात नाही. आधी नुसता उजेड आणि अंधार." मग पातळ तपकिरीने सारे चित्र एकाच रंगात उभे केले. डोळे किलकिले करून पाहायचे, म्हणजे बारीकसारीक दिसेनासे होते आणि कोठे उजेड, कोठे सावली एवढेच उरते. त्या संग्रहालयातल्या जाणकारांनी २०१८ साली मूळ चित्र यंत्रांनी तपासले, तेव्हा खाली असेच तपकिरी-काळ्या रंगांचे थर निघाले. माझ्या मुलीने ही माहिती मला वाचून मराठीत सांगितली. गुरुजींनी मला जी वाट दाखवली ती व्हर्मीरचीच होती हे कळून मला फार आनंद झाला.

त्याच तपासणीत त्याच्या कामाचा क्रमही कळला. आधी मागची बाजू, मग चेहरा, मग पिवळे जाकीट, मग पांढरी कॉलर, मग डोक्याचा फडका आणि शेवटी मोती. मीही त्याच क्रमाने गेले.

थरावर थर देण्याचाही एक नियम आहे. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलट केले तर वरचे आधी कडक होते, खालचे अजून हलत असते, आणि चित्राला तडे जातात. घाईने केलेल्या गिलाव्याचे जे होते तेच.

आता मुख्य गोष्ट. चेहऱ्याकडे आले तेव्हा गुरुजींनी विचारले, "नाकाची रेघ कुठे आहे, दाखवा बरं." मी छापील चित्रावर बोट नेले आणि बोट तसेच राहिले. बायांनो, त्या मुलीच्या नाकाला पलीकडच्या गालाकडून रेघच नाही! नाकाचा उजेड सरळ गालात मिसळला आहे. तरी आपल्याला तिचे नाक स्वच्छ दिसते. नाकाला कड असते हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून मनच ती रेघ ओढते. डोळ्यांतले पांढरे असेच. ते पांढरे म्हणून आपण शिकलो, पण सावलीत ते राखी असते. ओठांच्या कोपऱ्यात उजेडाचा एक बारीक ठिपका आहे, त्याने ओठ ओले दिसतात. १९९४ साली मूळ चित्र साफ करून जुने पिवळे पडलेले व्हार्निश काढले, तेव्हा तो ठिपका स्पष्ट झाला. देवघरातल्या तसबिरीची काच बरेच दिवसांनी पुसल्यावर देवाचा चेहरा कसा निराळाच दिसतो!

सर्वांत मौज मोत्याची. आपल्याला वाटते मोती गोल काढायचा, वर कडी, कडीत आकडा. त्या चित्रात आकडाच नाही. मोत्याची पुरी कडही नाही. वर जाड पांढऱ्या रंगाचा एक फटकारा, खाली कॉलरचा उजेड पडला आहे तेवढी मऊ पांढरट झाक, बाकी सगळी मागची सावली. दोन फटकारे, आणि डोळ्यांपुढे मोती लटकतो. हे दोन फटकारे त्याच जागी, तेवढ्याच जाडीचे यावेत म्हणून मी वेगळ्या कागदावर दोन दुपारी नुसते मोतीच काढत होते.

आणि मागचा काळा पडदा? तो मुळात काळा नव्हता. तिच्यामागे हिरवा पडदा होता. काळसर रंगावर नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतीचा रंग यांचा पातळ थर त्याने दिला होता. तीनशे-साडेतीनशे वर्षांत तो उडून गेला. मी विचारले, "गुरुजी, मग आता नक्कल कशाची करायची? त्याने काढले त्याची, की उरले त्याची?" गुरुजी हसले आणि म्हणाले, "आता तुम्ही चित्रकारासारखं विचारायला लागलात." मी काळ्यावर हिरव्याचा अगदी पातळ थर दिला. खिडकीजवळ नेऊन पाहिले तरच तो कळतो.

फडक्याचा निळा रंग व्हर्मीरने लाजवर्द दगड कुटून केलेला वापरला. तो दगड अफगाणिस्तानातला, आणि रंग त्या काळी अतिशय महाग. तिच्या तांबड्या रंगातला एक कोचिनील किड्यांपासून केलेला, आणि ते किडे अमेरिका खंडातल्या निवडुंगावरचे. डेल्फ्टच्या एका खोलीतल्या चित्रात सारी पृथ्वी आली होती! माझा निळा नळीतला, साधा. पण त्या दगडाची हकीकत कळल्यावर मीही तो जपून वापरला.

मध्यंतरी आपल्या मंडळाची सहल औंधला गेली होती. यमाईचे दर्शन घेऊन आपण सगळ्याजणी श्रीभवानी संग्रहालयात गेलो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभारले. तेथे राजा रविवर्मा यांची अस्सल तैलचित्रे आहेत. तुम्ही पुढच्या दालनात गेलात आणि मला हाका मारीत होता, आठवते? मी एका चित्रापुढे अडकले होते. छापील चित्रात सारे सपाट दिसते. अस्सल चित्रात उजेडाच्या जागी रंग जाड असतो आणि सावलीच्या जागी पातळ. हे मला सांगावे लागले नाही, कारण माझ्या हाताने तेच काम चालू होते. खुद्द रविवर्माही तैलरंग कोणत्या शाळेत शिकले नाहीत. त्रावणकोरच्या दरबारी आलेल्या एका गोऱ्या चित्रकाराचे काम पाहून पाहून ते पुष्कळ शिकले.

नक्कल म्हटले की आपण नाक मुरडतो, पण इतिहास काय सांगतो? मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भिंतींवरची चित्रे कॅनव्हासवर तैलरंगात उतरवून घेत. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे होते. दुसऱ्याची चित्रे उतरवता उतरवता तयार झालेला हा माणूस पुढे व्यक्तिचित्रे रंगवण्यात नावाजला. त्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. ज्या उरल्या त्या आज मोलाच्या आहेत, कारण लेण्यांतली मूळ चित्रे तेव्हापासून आणखी झिजली आहेत.

पॅरिसची गोष्ट तर आपल्या मंडळासाठीच आहे. तेथल्या सरकारी कलाशाळेत १८९७ सालापर्यंत बायकांना प्रवेशच नव्हता. मग बायकांनी काय केले? लूव्र या मोठ्या संग्रहालयात ईझल मांडून त्या जुन्या चित्रांच्या नकला करू लागल्या. बेर्त मोरिझो १८५८ सालापासून तेथे जाऊन नकला करी. पुढे ती स्वतःच्या चित्रांनी मोठी झाली. शाळेचे दार बंद होते, तेव्हा चित्रांनी त्यांना शिकवले. सातवीनंतर ज्यांचे दार बंद झाले अशा आपल्यातल्या कितीतरीजणींनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

नक्कल आणि लबाडी यांतली रेषा मात्र पक्की असावी. लूव्रमध्ये नियमच आहे, की नक्कल मुळापेक्षा पाचव्या हिश्श्याने लहान किंवा मोठी हवी, आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. माझ्या चित्राच्या पाठीमागे "व्हर्मीरच्या चित्रावरून" असे लिहून खाली माझे नाव आणि साल घातले आहे.

आता त्या प्रश्नाकडे येते. यात माझे काय?

चित्र पुरे व्हायला पाच महिने लागले. ते भिंतीवर लागले त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं सूनबाई, त्या परक्या पोरीकडं पाच महिने बघत बसलीस. आता माझ्याकडं बघ की." त्यांचे वय ब्याऐंशी. त्यांचा एकटीचा असा एकही फोटो घरात नव्हता. जे होते ते लग्नकार्यातले, तिसऱ्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून. मामंजींचा मोठा फोटो आहे, आजेसासऱ्यांचा आहे. घरातल्या बाईचा वेगळा फोटो काढायचा तो सरकारी कागदाला लागतो म्हणून.

त्यांना मी डावीकडे खिडकी येईल अशी बसवले. आणि मग मला कळले की पाच महिन्यांत मी काय मिळवले. तेवीस वर्षे या बाईच्या हाताखाली मी संसार केला. त्यांना मिरची किती चालते, गुडघा कोणत्या हवेत दुखतो, रागावल्या की पदर कसा खोचतात, सारे मला पाठ. पण त्यांच्या कपाळावरचे गोंदण नुसते हिरवे नसून त्वचेखालून निळसर दिसते, डावी पापणी उजवीपेक्षा थोडी खाली आहे, आणि ओठ मिटलेले असताना उजव्या कोपऱ्यात एक हसू दबा धरून असते, हे मला त्या दुपारी दिसले. ठाऊक असणे आणि दिसणे या दोन गोष्टी आहेत. घरातल्या माणसांच्या बाबतीत आपण बहुतेक पहिलीवरच भागवतो.

रोज तासभर त्या बसत. पहिले चार दिवस गप्प, मग बोलू लागल्या. माहेरच्या विहिरीचे, धाकट्या भावाचे, लग्नाआधीच्या एका शाळेचे, जिथे त्या तीनच महिने गेल्या. यातले काहीही मी कधी ऐकले नव्हते. एकदा म्हणाल्या, "एवढा वेळ माझ्या तोंडाकडं कुणी बघितलं नव्हतं. लग्नाला बघायला आली होती ती माणसंसुद्धा दोन प्रश्न विचारून पोहे खात बसली." आम्ही दोघीही हसलो. मग मी पुढचा थोडा वेळ रंग कालवीत राहिले, कारण डोळ्यांपुढचे नीट दिसेना.

तर हे माझे उत्तर. त्या डूलवाल्या मुलीच्या चित्रातली मुलगी व्हर्मीरची, डूल व्हर्मीरचा, रचना त्याची. पण ते उतरवताना नजर तयार झाली, ती माझी. नाकाची रेघ मनाने न ओढता आहे तेवढेच पाहायचे, ही सवय नक्कल केल्यावाचून मला लागली नसती. आणि तिच्यामुळेच आज आमच्या घरात मामंजींच्या शेजारी सासूबाई आहेत. तेवढ्याच मोठ्या, एकट्या, समोर पाहणाऱ्या. हार न घातलेल्या!

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून थांबते.

एक, आपल्याला आवडेल असेच चित्र निवडा, कारण त्याच्यासमोर महिनेच्या महिने बसायचे असते. फार माणसांचे नको. एकच चेहरा, एकाच बाजूने उजेड असलेला घ्या. दोन, उत्तरेची खिडकी असेल तर तिच्याजवळ बसा. तिकडचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. तीन, चित्र मधूनमधून उलटे करून किंवा आरशात धरून पाहा. ओळखीचे तोंड अनोळखी झाले की चूक आपोआप दिसते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकू नका. तेल वाळताना उष्णता होते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. फडकी एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाईन गॅसच्या शेगडीपासून लांब, खिडक्या उघड्या. पूर्वी पांढरा रंग शिशाचा असे आणि तो विषारी आहे. हल्ली टिटॅनियमचा पांढरा मिळतो तोच घ्या, आणि कणकेला हात लावण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवा.

मंगळवारी दुपारी मंडळाचा हा हॉल रिकामा असतो. अध्यक्षीणबाईंची परवानगी असेल तर मी माझ्या चौकटी, ब्रश आणि ते छापील चित्र घेऊन येथे बसत जाईन. कोणी शेजारी येऊन बसली तर मला सोबत होईल. येताना घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा नीट पाहून या, एवढेच सांगणे.